डोळ्याच्या ऑपरेशननंतर पेशंट फारच घाबरत असेल तर काय करायचं

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं पण पेशंट रात्रभर जागा, सारखा दुसरा डोळा झाकून बघतोय की दिसतंय ना नीट. अशा माणसाला "काही होत नाही हो, उगाच टेन्शन घेताय" असं प्लीज म्हणू नका. त्याने भीती जात नाही, तो फक्त सांगायचं बंद करतो, आणि मग खरंच काही बिघडलं तर आपल्याला कळणार कसं?

खरा उपयोग होतो आधीच सांगून ठेवण्याचा. पट्टी काढायच्या आधी सांगा की डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपेल, पाणी येईल, उजेड टोचेल, काही दिवस धूसर दिसेल. रंग जरा निळसर वाटू शकतात कारण डोळ्यातली पिवळट झालेली मूळची लेन्स काढलेली असते. कधीकधी बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर लालभडक डाग येतो, आरशात बघून माणूस हादरतोच, पण तो वरच्या पातळ पडद्याखाली साठलेल्या रक्ताचा असतो, सहसा दुखत नाही आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो.

नंतर तक्रार आली की एकच विचारा, कालपेक्षा कमी आहे का जास्त? बरा होणारा डोळा हळूहळू निवळत जातो. दुखणं किंवा लाली वाढतेय, नजर कमी होतेय, चिकट घाण येतेय, लख्ख चमका मारतायत, अचानक खूप काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटतंय, यातलं एक जरी असलं तरी लगेच हॉस्पिटलला फोन, रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. ऑपरेशननंतरचं गंभीर इन्फेक्शन बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच दिसतं. आणि दहा वेळा फोन करणाऱ्याचा अकरावा फोनही तेवढाच नीट ऐका, "यांचं रोजचंच आहे" ही सवय मला फार धोक्याची वाटते.

नजर तपासायची तर दिवसातून एकदाच, त्याच खुर्चीत बसून, तेवढ्याच उजेडात भिंतीवरचं तेच कॅलेंडर वाचायचं आणि वहीत लिहायचं. सारखं तपासलं की पाणी आलं तरी धूसर दिसतं आणि भीती अजून वाढते.

ड्रॉप्स टाकताना घाबरलेला पेशंट डोळा गच्च मिटतो, तेव्हा जबरदस्तीने पापणी ओढू नका. हात धुवा, त्याला उताणं झोपवा, डोळा हलकेच मिटू दे, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि सावकाश डोळा उघडायला सांगा, थेंब आत जातो. बाटलीचं टोक कुठे टेकवायचं नाही आणि दोन औषधांत 5 मिनिटं अंतर ठेवायचं. स्टेरॉइडचे ड्रॉप्स बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचे नाहीत.

रात्री डोळ्यावर शिल्ड, म्हणजे ते कडक झाकण, लावा, म्हणजे झोपेत डोळा चोळला जाईल ही धास्ती राहत नाही. छातीत धडधडायला लागलं तर जवळ बसा, श्वास हळू घ्यायला आणि त्याहून हळू सोडायला सांगा. घरातल्या दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी देऊ नका, आणि त्याची स्वतःची घबराटीची गोळी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता थांबवूही नका.

हॉस्पिटलमध्ये काम करत असाल तर अशा पेशंटला तुम्हीच ठरलेल्या वेळी फोन करा, फोन येणार हे माहीत असलं की तो धीर धरतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं असेल तर पहिल्या वेळी नेमकी कशाची भीती वाटली ते लिहून ठेवा आणि सर्जनना आधीच दाखवा.