एन्लार्जरचा दिवा बदलल्यावर प्रिंट पुन्हा कसा जुळवावा

एकच निगेटिव्ह, एकच कागद आणि एकच डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन) असूनही दोन एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून कागदावर मोठे चित्र पाडणाऱ्या यंत्रांवर, काढलेले प्रिंट वेगळे दिसतात, याचे कारण बहुतेक वेळा प्रकाशात असते. कंडेन्सरची भिंगे प्रकाश एका दिशेने एकवटून निगेटिव्हमधून पाठवतात. दाट भागांतील चांदीचे कण त्यातील बराच प्रकाश बाजूला विखुरतात, तो लेन्सपर्यंत पोहोचत नाही आणि प्रिंटचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक, वाढतो. यालाच कॅलियर परिणाम म्हणतात. डिफ्यूजरचा, म्हणजे दुधी पडद्यातून पसरवलेला, प्रकाश मुळातच सर्व बाजूंनी येत असल्यामुळे तिथे प्रिंट साधारण अर्धा ते एक ग्रेड (कॉन्ट्रास्टची पायरी) सौम्य येतो. धूळ आणि ओरखडेही पुसट होतात. म्हणूनच जुन्या, हाताळून खराब झालेल्या निगेटिव्हसाठी डिफ्यूजरच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

कलर हेडमध्ये, म्हणजे रंगीत फिल्टर असलेल्या दिव्याच्या भागात, हॅलोजन दिवा असतो आणि मल्टिग्रेड कागदाचा ग्रेड त्यातील पिवळ्या आणि मॅजेंटा फिल्टरांनी बदलता येतो: पिवळा कॉन्ट्रास्ट उतरवतो, मॅजेंटा चढवतो. कोल्ड लाइट (कमी तापणारा नळीचा दिवा) मात्र निळसर असल्यास नेहमीच्या फिल्टरांवर छापलेले ग्रेड त्याला तंतोतंत लागू पडत नाहीत. एलईडी फार तापत नाही, त्यामुळे एक्स्पोजर चालू असताना निगेटिव्ह फुगून फोकस बिघडण्याची भीती कमी होते.

नवा दिवा बसवल्यावर लगेच प्रिंट काढू नये. आधी प्रकाश सगळीकडे सारखा पडतो का, ते तपासावे. कॅरिअरमध्ये (निगेटिव्ह धरायच्या चौकटीत) निगेटिव्ह न ठेवता, नेहमीच्या ॲपर्चरवर (लेन्सच्या छिद्राच्या मापावर), कागदाला मध्यम करडा रंग येईल इतकेच एक्स्पोजर द्यावे. कागद वाळल्यावर तो हातभर अंतरावर धरून पाहावा. मधोमध गडद वर्तुळ आणि कोपरे फिके असतील, तर दिव्याची जागा चुकली आहे; कंडेन्सरच्या एन्लार्जरमध्ये दिवा थोडा वर, खाली किंवा बाजूला सरकवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. लेन्स बदलली, म्हणजे ५० मिमीच्या जागी ८० मिमीची लावली, तर कंडेन्सरही त्या लेन्सला साजेसा लागतो. कंटाळा येईल, पण ही पायरी वगळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर, ज्याचा चांगला प्रिंट आधीच हाताशी आहे, असे एक ओळखीचे निगेटिव्ह घ्यावे. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळ्या वेळा दिलेली कागदाची पट्टी, काढून वेळ ठरवताना फक्त उजळ भाग, उदाहरणार्थ पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्या, जुन्या प्रिंटशी जुळवाव्यात. गडद भागांकडे तेव्हा पाहू नये. उजळ भाग जुळल्यानंतरच सावल्या तपासाव्यात आणि त्या राखाडी राहिल्या असतील तर अर्धा ग्रेड चढवावा, फार काळ्या झाल्या असतील तर तितकाच उतरवावा. इलफर्डच्या मल्टिग्रेड फिल्टरांमध्ये ०० पासून साडेतीनपर्यंत वेळ तीच राहते, चार ते पाचसाठी ती दुप्पट करावी लागते. ग्रेड बदलला की उजळ भाग पुन्हा एकदा पडताळावेत.

साध्या तंतूच्या दिव्यासाठी एक्स्पोजर दहा सेकंदांच्या खाली आणू नये, कारण दिवा पूर्ण पेटायला आणि विझायला लागणारा वेळ तेवढ्यात मोठा ठरतो. प्रकाश जास्त वाटला तर ॲपर्चर लहान करावे. विजेचा दाब खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा, कारण दाब घटल्यावर हा दिवा मंद तर होतोच, शिवाय पिवळाही होतो, आणि मल्टिग्रेड कागदावर त्यामुळे ग्रेडच बदलतो.

कायमचे डिफ्यूजरवर जायचे ठरले असेल, तर पुढच्या फिल्म डेव्हलपरमध्ये थोड्या जास्त वेळ ठेवाव्यात. वाढ सुमारे दहा टक्क्यांपासून सुरू करावी.