नरारा बेटाला जाण्याआधी तिथी बघा

बडोद्याहून कॅराव्हॅन घेऊन सौराष्ट्राचा किनारा करणारे बरेच जण ओहोटीत उघड्या पडणाऱ्या डबक्यांतले समुद्री जीव बघायला वाडीनारजवळच्या नरारा बेटाला जातात, पण भलत्याच वेळी पोहोचतात आणि नुसतं पाणी बघून परततात. आम्हीही गेलो होतो तसेच, अष्टमीला!

१. निघायचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन दिवस उत्तम, कारण उधाणात ओहोटीही तितकीच खोल लागते. अष्टमीच्या आसपास भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटी) असतो, पाणी फारसं हटत नाही.

२. ओहोटीची नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. मुक्काम एक दिवस वाढला तर साधारण ५० मिनिटं पुढे धरा.

३. वनखात्याची परवानगी काढून, ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा. जुने कॅनव्हासचे बूट घाला. चपला चिखल गिळतो.

डबक्याशी उकिडवं बसून राहा. आम्ही ज्याला शेवाळलेला दगड समजत होतो, त्याने रंग बदलला आणि तो सरकला. ऑक्टोपस!

फुगणारा पफर मासा फोटोसाठी हातात घेऊ नका. तो विषारी असतो आणि त्याचेही हाल होतात. पाणी वळलं की लगेच मागे फिरा.