काळी मुसळी परड्यात लावायची तर

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की बेळगावाजवळच्या जांबोटीकडच्या रानात वाटेच्या कडेला वाकून बघा. नारळाच्या नुकत्या उगवलेल्या रोपासारखी चुण्या पडलेली पानं, आणि त्यांच्या बुडाशी, मातीला टेकलेली सहा पाकळ्यांची पिवळीधमक चांदणी. ती काळी मुसळी. घाटाखाली कोकणातल्या झाडीतही हीच. सफेद मुसळी वेगळी, तिची फुलं पांढरी आणि उंच दांड्यावर येतात.

मी आधी कुदळच घेऊन गेलो होतो, आत्तीच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत. कंद करंगळीएवढा, बाहेरून काळपट, आत पांढरा, सरळ खाली गेलेला. ओढला तसा मधेच तुटला. उरलेला तुकडा बेळगावात आणून कुंडीत काळ्या मातीत लावला, वर रोज पाणी. पंधरवड्यात कुजला. आत्तीला सांगितलं तर म्हणाली, "खणून काय करूलालास गा? पानच टेकव की मातीला."

तेच करा. जून-जुलैत रोपाचं लांब, निरोगी पान न तोडता वाकवायचं, टोक ओल्या मातीला टेकवायचं आणि वर लहानसा दगड ठेवायचा. टोकाला मुळं फुटतात, मग इवलं रोप. ते स्वतःची दोन-तीन पानं काढेपर्यंत आईपासून तोडू नका. घाई इथंच नडते. आईचा कंद जागेवर राहतो. औषधासाठी उपटून उपटून ही रानातून कमी होत चाललीय, म्हणून रोप घ्यायचं ते कुणाच्या तरी परड्यातलं. जांबोटीकडच्याच भीमगडला २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं पानालाही हात लावायचा नाही.

बियाही मिळतात, पण शोधायच्या जमिनीत. फुलाचा देठ वाटतो तो मातीत उतरलेला असतो, फळ तिथंच धरतं. बोटानं माती उकरली की काळ्या चकचकीत बिया.

कुंडीत जांभ्याची तांबडी माती, थोडी वाळू, कुजलेला पाला. जागा झाडाखालची, उन्हाचे कवडसे पडणारी. पाणी साचता कामा नये, बाकी लाड नकोत.

दिवाळीनंतर पानं वाळायला लागतात, उन्हाळ्यात वर काही उरत नाही. कुंडी मेली समजून आमच्या घरात तिच्यात कोथिंबीर पेरली गेली. मृगाच्या पावसात कोथिंबीर सडली आणि तिच्यातून चुणीदार पान वर आलं.