हेडफोनचा आवाज आपल्या कानाला जुळवायचा कसा
नवीन हेडफोन घेतला की लोक आधी बास (खालचा, जड आवाज) फुल करतात आणि मग म्हणतात डग्गा नुसता घुमतोय, अहो घुमणारच ना! ॲपमधलं इक्वलायझर (आवाजाचे जाड-बारीक भाग हर्ट्झप्रमाणे वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या) उघडा, सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा, पाठ असलेलं एकच गाणं लावा. वाढवायच्या आधी कमी करून बघा, २५० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल खाली घेतलं की गढूळपणा बराच जातो, गाणाऱ्याचा आवाज मागे वाटला तर २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं वर, 'स' टोचत असेल तर ६ ते ८ किलोहर्ट्झ खाली. काही वाढवलंच तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच कमी करा नाहीतर आवाज फाटतो. इअरबड्स असतील तर आधी रबरी टिप बदला, सैल बसली की बास गायब, मग कितीही सेटिंग करा (माझा आठवडा यातच गेला).