पायथॉनमधलं मेटाप्रोग्रॅमिंग (कोडनंच कोड बनवणं, बदलणं) शिकताय? मग या चुका टाळा

आपल्या कोल्हापुरातली पोरं डेकोरेटर (दुसऱ्या फंक्शनला गुंडाळून त्याचं वागणं बदलणारं फंक्शन) जरा जमला की थेट मेटाक्लासवर (क्लास बनवणारा क्लास) उडी मारतात. भावांनो, जरा दमानं. नवीन सबक्लास तयार झाला की त्याची नोंद ठेवायची एवढंच काम असेल तर पायथॉन ३.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, डंडर इनिट-सबक्लास ही मेथड आहे की (डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूला दोन-दोन अंडरस्कोर). मेटाक्लास घेतला आणि उद्या दुसऱ्या लायब्ररीतला वेगळ्या मेटाक्लासचा क्लास पण सोबत इनहेरिट करायची वेळ आली, की मेटाक्लास कॉन्फ्लिक्टचा टाइपएरर येतोय.

लूपमधे फंक्शनं बनवताना तर हमखास गंडतंय. समजा महाद्वार रोडच्या एखाद्या दुकानासाठी बिलिंग लिहिताय, गूळ, चप्पल आणि साज या लिस्टवर लूप फिरवून प्रत्येकाचा भाव सांगणारा एकेक लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) बनवला, आणि आता गूळ विचारा नाहीतर चप्पल, भाव साजाचाच! कारण लॅम्डा बनताना व्हेरिएबलची व्हॅल्यू उचलत नाही, कॉल झाल्यावर बघतो, तोवर लूप संपलेला असतो. ते व्हेरिएबल डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून द्या, सुटतंय.

सगळ्यात जास्त रडवतं ते डंडर गेटअ‍ॅटर. हे फंक्शन ऑब्जेक्टचं एखादं अ‍ॅट्रिब्यूट नेहमीच्या जागी सापडलं नाही तरच चालतं, डंडर गेटअ‍ॅट्रिब्यूट मात्र दरवेळी चालतं, त्यामुळे त्याच्या आत सेल्फ डॉट काहीतरी लिहिलं की ते परत स्वतःलाच बोलावत बसतं आणि शेवटी रिकर्शनएरर. तिथं सुपरचीच मेथड वापरा. पण साध्या गेटअ‍ॅटरमधे पण एक खड्डा आहे आणि तो लई उशिरा कळतो. सगळं झकास चालू असतं, एक दिवस कुणीतरी तो ऑब्जेक्ट कॉपी मॉड्यूलनं कॉपी करतं आणि तोच रिकर्शनएरर. का, तर कॉपी करताना इनिट चालतच नाही, मग त्यात भरलेला आणि तुम्ही ज्यात शोधता तो सेल्फ डॉट डेटा जाग्यावर नसतो, तो शोधायला परत गेटअ‍ॅटर, त्यात परत डेटा. म्हणून डंडर नावं आणि ते डेटा नाव आलं की आधीच अ‍ॅट्रिब्यूटएरर द्या. गुपचूप नन (None) तर परत करूच नका, हॅजअ‍ॅटर कायम ट्रू सांगेल आणि स्पेलिंग चुकलेलं दिवसभर सापडणार नाही.

डेकोरेटरला फंकटूल्सचं रॅप्स लावा, नाहीतर हेल्पमधे मूळ नाव आणि डॉकस्ट्रिंग (फंक्शनचं वर्णन) दोन्ही गायब.

आणि अडकलात तर शंभर प्रिंट टाकण्याआधी ऑब्जेक्टचं व्हार्स (त्यात काय काय साठवलंय ते) आणि क्लासचा एमआरओ (मेथड कुठल्या क्लासमधे आधी शोधायची तो क्रम) बघा, निम्मं तिथंच कळतंय. एक्झेकनं (स्ट्रिंगमधला मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन) स्ट्रिंगमधून बनवलेल्या फंक्शनवर मात्र इन्स्पेक्टचं गेटसोर्स (फंक्शनचा मूळ कोड दाखवणारं) ओएसएरर देऊन हात वर करतं, त्यामुळे एक्झेकच्या वाटेला शक्यतो जाऊच नका.