इंजिनाच्या सुरात मेटल गाणं बांधताना

वेगवान गाड्या आणि कल्ट सिनेमा यांवर मेटल गाणं करायचं ठरलं की बहुतेक बँड आधी रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) बसवतात आणि इंजिनाचा आवाज शेवटी वरून टाकतात. मग तो बेसूर लागतो, कारण इंजिनालाही सूर असतो. आधी इंजिन, मग रिफ.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ६०ने भागा आणि सिलिंडरच्या निम्म्या संख्येने गुणा, इंजिनाचा सूर हर्ट्झमध्ये मिळतो. ड्रॉप डीमध्ये, म्हणजे गिटारची सगळ्यांत जाड तार डी सुरापर्यंत उतरवल्यावर, ती ७३.४ हर्ट्झला वाजते. चार सिलिंडरची गाडी हा सूर २२०० आरपीएमला देते, तीन सिलिंडरची साधारण २९४०ला. आरपीएम दुप्पट झाला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे चार सिलिंडरची गाडी २२००वरून ४४००पर्यंत सावकाश रेस केली की डीपासून वरच्या डीपर्यंतची मींड तयार! बुलेटचा एकच सिलिंडर ३००० आरपीएमलाही २५ हर्ट्झवर असतो. तो सुरासाठी नाही, ठोक्यासाठी घ्या.

पुण्यात हॉर्नशिवाय दोन मिनिटं मिळवणं हे सगळ्यांत अवघड काम. रविवारी पहाटे बोपदेव घाट ओलांडा आणि सासवडच्या बाजूला मालकाला विचारून मोकळं रान गाठा. बेसमेंट पार्किंग नकोच: तिथला घुमारा नंतर काढता येत नाही, आणि बंद जागेतला धूर जिवावर बेततो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. माइक सायलेन्सरपासून एक मीटरवर, धुराच्या झोतात न ठेवता बाजूला तिरका, वर फरचं कव्हर. रेकॉर्डरच्या मीटरवर सगळ्यांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. फोनवर भिस्त ठेवू नका. बरेच फोन इंजिनाला गोंगाट समजून दाबतात आणि रेस वाढली तरी आवाजाची पातळी सपाट ठेवतात.

रिफसाठी १८० बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि घोड्याच्या टापांसारखा गॅलप: एका ठोक्यात एक लांब, दोन आखूड स्ट्रोक. तळवा ब्रिजच्या (गिटारवर तारा टेकतात ती पट्टी) अगदी कडेला ठेवा, पुढे सरकला की सूर मरतो. गेन (गिटारचा आवाज खरखरीत करणारं बटण) एकट्याने वाजवताना आवडतो त्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर आखूड स्ट्रोक एकमेकांत मिसळतात. रिफ दोनदा वाजवून एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून रुंदी येत नाही.

१९६८च्या ‘बुलिट’ या सिनेमात गाड्यांच्या पाठलागाला खरा वेग येतो तेव्हा लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं आणि इंजिनं बोलू लागतात. ही युक्ती मेटलला फार शोभते. सोलोनंतर आठ बार (प्रत्येकी चार ठोके), म्हणजे सुमारे ११ सेकंद, बँड पूर्ण गप्प. त्या जागेत ती मींड सोडा आणि इंजिन वरच्या डीला पोचताक्षणी सगळे एकदम कोसळा. सिनेमातले संवाद मात्र उचलू नका, हक्कांचा प्रश्न येतो. स्वतःचा रेडिओ निवेदक लिहा, त्याच्या आवाजातलं ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३००० हर्ट्झच्या वरचं कापा.

शब्दांत गोष्ट सांगू नका, शॉट लिहा: कात्रजचा बोगदा, आरशात दोन दिवे, काटा लाल रेषेवर. ओळ ‘आ’ किंवा ‘ओ’वर संपवा, ‘ई’वर ग्राउल (मेटलमधलं गुरगुरत गाणं) चिमटतो.

मिक्समध्ये बँड वाजत असताना इंजिनाचा १२० हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर बेस गिटार आणि किक ड्रम दोन्ही चिखलात जातात. वरचे स्वरांश शिल्लक असल्याने कानाला डी तरीही ऐकू येतो.