बाबांच्या डेबिट कार्डावरून पैसे गेले तेव्हा

रात्री बाबांच्या पेन्शनच्या खात्यातून पैसे गेल्याचे लागोपाठ मेसेज आले. कार्ड त्यांच्या पाकिटातच होतं, ओटीपी आलाच नव्हता. व्यवहार परदेशी वेबसाइटवरचे.

आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं, मग कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार टाकली.

सकाळी शाखेत "पोलिसांचा तपास होऊ द्या, मग बघू" असं ऐकवलं. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो, म्हणून सांगते. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आम्ही छापून नेलं होतं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. तक्रारीनंतर 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची. ग्राहकाची चूक सिद्ध करणंही बँकेचंच काम. लेखी अर्जात हे सगळं लिहिलं आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला. तो शिक्का सोडू नका!

रक्कम आधी तात्पुरती जमा झाली, नंतर कायमची. नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवलेत.